कठीण झालेल्या काँक्रीटची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी कशी करावी

काँक्रीटचा कोअर, म्हणजे ड्रिलने कापून काढलेला दंडगोल, दाबयंत्रात फोडला की त्याने किती भार सोसला याचा एक आकडा हाती येतो. तो आकडा अपेक्षेपेक्षा कमी का भरला, पृष्ठभागावर दिसणारे तडे ओतकामाच्या दिवशीच पडले की दहा वर्षांनी, आणि नुकसान थांबले आहे की अजून वाढत आहे, या प्रश्नांची उत्तरे मात्र त्या आकड्यात नसतात. ती काँक्रीटच्या अंतर्रचनेत असतात आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. ही पद्धत मुळात भूवैज्ञानिकांची आहे. खडकाचा पातळ छेद काढून त्यातील खनिजे ओळखण्याचे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी सिमेंटच्या क्लिंकरला, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या आणि दळून सिमेंट होणाऱ्या गोळ्यांना, लावले, आणि १८९७ मध्ये ट्योर्नेबोम यांनी क्लिंकरमधील घटकांना अलाइट, बेलाइट अशी जी नावे दिली ती आजही वापरात आहेत. कठीण झालेल्या काँक्रीटच्या अशा तपासणीसाठी आज सर्वाधिक वापरली जाणारी प्रमाणपद्धती एएसटीएम या अमेरिकी मानक-संस्थेची सी ८५६ ही आहे. पुढील मांडणी त्याच क्रमाच्या जवळपास जाणारी असली, तरी ती प्रमाणपद्धतीची जागा घेणारी नाही.

या कामात नवख्या माणसाची फसगत बहुधा एकाच ठिकाणी होते. भिंगाखाली एखादा संशयास्पद पदार्थ दिसतो आणि तोच नुकसानीचे कारण म्हणून अहवालात लिहिला जातो. पदार्थ सापडणे आणि त्याने नुकसान केल्याचे दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवता याव्यात म्हणूनच पुढील पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पायरी १: प्रश्न लिहून काढणे

नमुना घेण्याआधी तपासणी कशासाठी आहे ते एका-दोन वाक्यांत लिहावे. “काँक्रीट कसे आहे ते पाहा” हा प्रश्न नव्हे. “स्लॅबच्या वरच्या थराचे पापुद्रे निघण्याचे कारण काय आणि ते किती खोलीपर्यंत पोचले आहे” हा प्रश्न होय, कारण त्यावरून कोअर कोठून घ्यायचा, कोणत्या दिशेने कापायचा आणि पातळ छेद कोणत्या खोलीवरून काढायचा हे ठरते.

सोबत बांधकामाची माहिती मागवावी: वय, मिश्रणाचे प्रमाण, सिमेंटचा प्रकार, फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतील मळी) वापरले होते का, खडी कोणत्या खडकाची, ओतकामाच्या वेळचे हवामान, क्युरिंगची (काँक्रीट ओले ठेवून मुरवण्याची) पद्धत, वाफेने तापवले होते का, पाण्याशी, क्षारांशी किंवा आगीशी संबंध आला का, आणि पूर्वी दुरुस्ती झाली होती का. ही माहिती बऱ्याचदा अपुरी मिळते आणि क्वचित चुकीचीही असते. म्हणून ती वाचावी, पण पहिली निरीक्षणे ती माहिती बाजूला ठेवून नोंदवावीत. कागदावर ०.४५ असे पाणी-सिमेंट गुणोत्तर वाचून बसलेल्या डोळ्याला पेस्ट (सिमेंट आणि पाण्याचा कठीण झालेला लगदा) घट्टच दिसू लागते.

पायरी २: नमुना घेणे

तपासणीची प्रत नमुन्यापेक्षा वरची कधीच नसते. शक्यतो १०० ते १५० मिमी व्यासाचा कोअर घ्यावा, आणि व्यास सर्वांत मोठ्या खडीच्या किमान तिप्पट असावा. घणाने फोडून काढलेला तुकडा टाळावा, कारण त्यातील भेगा मूळच्या कोणत्या आणि घणाच्या कोणत्या हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

कमीत कमी दोन कोअर हवेत, एक बिघडलेल्या जागेचा आणि एक त्याच ओतकामातील धडधाकट जागेचा. तुलनेसाठी चांगला नमुना नसेल, तर दिसणारी वैशिष्ट्ये बिघाडाची आहेत की त्या मिश्रणाची नेहमीचीच, हे ठरवता येत नाही. पैसे वाचवण्यासाठी बहुधा हाच कोअर वगळला जातो, आणि माझ्या मते तीच सर्वांत महागात पडणारी काटकसर असते. तड्याचा अभ्यास करायचा असेल तर एक कोअर तड्यावरच घ्यावा, म्हणजे तडा किती खोल जातो, खडीला वळसा घालतो की खडी फोडतो, आणि त्याच्या बाजूंवर काय साचले आहे हे दिसते. कोअरमध्ये बाह्य पृष्ठभाग असायलाच हवा, कारण कार्बोनेशन (हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे पेस्टची अल्कधर्मिता कमी होणे), गोठण, रासायनिक आक्रमण आणि फिनिशिंगमधील चुका या सर्वांचा माग पृष्ठभागापासून आत काढायचा असतो. ड्रिल लावण्यापूर्वी सळयांच्या जागा शोधून त्या टाळाव्यात. गंजाचाच प्रश्न असेल तर सळईसह कोअर घ्यावा लागतो, पण त्यासाठी संरचना अभियंत्याची संमती हवी.

कोअर बाहेर येताच त्यावर क्रमांक, वरची बाजू दाखवणारा बाण आणि घेण्याची जागा न पुसणाऱ्या शाईने लिहावी, छायाचित्र काढावे, पृष्ठभागावरचे पाणी टिपून घ्यावे आणि कोअर प्लास्टिकच्या फिल्ममध्ये घट्ट गुंडाळावा. उघडा राहिलेला कोअर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषतो, शिवाय वाळताना त्यात नव्या बारीक भेगा पडतात. वाटेत कोअर तुटला तर तुकडे जुळवून पाहावेत आणि तुटलेल्या जागेची नोंद करावी.

पायरी ३: नुसत्या डोळ्यांनी आणि हातभिंगाने

सूक्ष्मदर्शकाकडे लगेच धाव घेऊ नये. कोअर टेबलावर ठेवून त्याची लांबी, खडीचा सर्वांत मोठा आकार, खडी सगळीकडे सारखी पसरली आहे की खाली बसली आहे, मोठ्या पोकळ्या आणि हनीकॉम्बिंग (पेस्ट न भरल्याने मधाच्या पोळ्यासारखी राहिलेली जागा), सळईचा व्यास व तिच्यावरील आवरणाची जाडी, आणि पेस्टचा रंग सर्वत्र एकसारखा आहे का, हे सर्व लिहून घ्यावे. कोअरचा बाजूचा पृष्ठभाग ओला करून वाळू द्यावा. आजूबाजूचा भाग कोरडा झाला तरी भेगांत पाणी टिकून राहते, त्यामुळे एरवी न दिसणाऱ्या भेगा काही मिनिटे काळ्या रेषांसारख्या उठून दिसतात. त्याच वेळी त्यांचा आराखडा काढून घ्यावा.

कार्बोनेशनची खोली फिनॉल्फ्थॅलीनने मोजतात. अल्कोहोलमधील सुमारे १ टक्का द्रावण ताज्या तोडलेल्या पृष्ठावर फवारले की जेथे अल्कधर्मिता टिकून आहे तेथे गडद गुलाबी रंग येतो आणि कार्बोनेशन झालेला भाग बिनरंगी राहतो. रंगबदल सुमारे ८.३ ते १० या पीएच दरम्यान होतो. त्यामुळे गुलाबी रंग दिसला म्हणजे सळईचे संरक्षण शाबूत आहेच, असे मानता येत नाही. मोजमाप एकाच जागी न करता सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि सरासरी अशा तिन्ही खोल्या द्याव्यात, आणि भेगेच्या कडेने बिनरंगी पट्टा आत शिरला आहे का ते आवर्जून पाहावे, कारण तो असेल तर भेग बरीच जुनी आहे. ज्या तुकड्याचा पातळ छेद करायचा आहे त्यावर हे द्रावण फवारू नये.

पायरी ४: कापणे आणि घासणे

कोअर लांबीच्या दिशेने, पृष्ठभागाला काटकोनात, डायमंड ब्लेडने उभा कापावा. एक अर्धा भाग घासून गुळगुळीत करायचा, आणि दुसऱ्यातून पातळ छेदासाठी ठोकळे काढून उरलेला जपून ठेवायचा. एरवी कापताना पाणी चालते. परंतु पाण्यात विरघळणारे क्षार किंवा अल्कली-सिलिका जेल (पायरी ८ पाहा) यांचा संशय असेल, तर तेलासारखे पाणीविरहित वंगण वापरावे, नाहीतर शोधायचा पदार्थच धुऊन जातो. वाळवताना तापमान सुमारे ४० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नये. अधिक उष्णतेत एट्रिंगाइट या सल्फेटयुक्त खनिजातील पाणी निघू लागते आणि पेस्ट आकसून तिच्यात भेगा पडतात.

घासण्यासाठी सिलिकॉन कार्बाइडच्या जाड दाण्यापासून क्रमाने बारीक दाण्याकडे जावे, आणि प्रत्येक टप्प्यानंतर नमुना धुऊन मागील दाणा पूर्णपणे काढून टाकावा. एक जाड कण उरला तरी तो पुढच्या टप्प्यात सर्व पृष्ठभागावर ओरखडे पाडतो. पृष्ठभाग तयार झाला की नाही हे पाहण्याची सोपी खूण अशी: नमुना दिव्याच्या दिशेने अगदी तिरका धरला असता प्रकाशाचे प्रतिबिंब पेस्टवर आणि खडीवर सारखेच दिसावे, आणि भिंगाखाली हवेच्या पोकळ्यांच्या कडा धारदार असाव्यात. कडा गोल झालेल्या किंवा ढासळलेल्या असतील तर पेस्ट कमजोर आहे, किंवा घासणारा उतावळा आहे. पेस्टच कमजोर असेल तर पृष्ठभागाला पातळ राळ पाजून पुन्हा घासावे.

पायरी ५: स्टिरिओ सूक्ष्मदर्शक

एकूण वेळेचा मोठा भाग येथे जावा. ५ ते ५० पट विवर्धनाचा साधा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक आणि बाजूने पाडता येणारा दिवा एवढ्यावर काँक्रीटच्या बहुतेक तक्रारींचा निम्मा उलगडा होतो. महागड्या उपकरणांकडे लवकर वळणारा तपासनीस नकाशा न पाहता गल्लीत शिरलेला असतो.

सुरुवात बाह्य पृष्ठभागापासून करून हळूहळू आत जावे. समजा, पापुद्रे सुटणाऱ्या फरशीचा कोअर समोर आहे. वरचे दोन-तीन मिलिमीटर फिकट आणि मऊ दिसतात; पोलादी सुईचे टोक दाबले की पेस्ट पिठासारखी उकरली जाते, आणि पाण्याचा थेंब ठेवला की तो क्षणात आत ओढला जातो. पाच मिलिमीटरवर पेस्ट गडद होते, सुईला दाद देत नाही आणि थेंब काही काळ फुगीर राहतो. वरचा थर आणि आतला भाग यांच्या सीमेवर पृष्ठभागाला समांतर अशी चपटी पोकळी धावताना दिसते, आणि जवळच्या मोठ्या खडीच्या खालच्या बाजूस अर्धचंद्राकार रिकामी जागा आहे. या खुणा एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होते: काँक्रीटमधून पाणी वर येत होते, ते खडीखाली अडले, आणि हे पाणी वर येणे, म्हणजे ब्लीडिंग, संपण्याआधीच पृष्ठभाग घोटून बंद केल्यामुळे उरलेले पाणी त्या घोटलेल्या थराखाली कोंडले. यासाठी कोणत्याही खनिजाचे नाव माहीत असण्याची गरज पडली नाही. मात्र मऊ थर म्हणजे ब्लीडिंगच असे एका खुणेवरून ठरवू नये. क्युरिंग न झाल्यानेही पृष्ठभाग मऊ राहतो, आणि तेव्हा खडीखालच्या पोकळ्या दिसत नाहीत.

भेगांकडे पाहताना पुढील गोष्टी पाहाव्यात. भेग खडीला वळसा घालून जाते की खडीतून आरपार जाते? वळसा घालणारी, कडा वेड्यावाकड्या असलेली आणि वरच्या बाजूस रुंद असलेली भेग बहुधा काँक्रीट कोवळे असताना, म्हणजे पहिल्या काही तासांत पडलेली असते. खडी फोडून जाणारी भेग पेस्टला बळ आल्यानंतरची असते. हा नियम उपयोगी असला तरी फार कठीण खडी आणि कमजोर पेस्ट यांच्या जोडीत तो फसतो, कारण तेथे उशिराची भेगही खडीला वळसा घालते. भेगेची दिशा, तिची रुंदी खोलीनुसार कशी बदलते, आणि तिच्या आत काही साचले आहे का, याचीही नोंद घ्यावी.

खडीच्या कडांना गडद वलये आहेत का, खडी आणि पेस्ट यांच्यात फट आहे का, पोकळ्या रिकाम्या आहेत की पांढऱ्या पदार्थाने अस्तरलेल्या, खडीभोवती हवेचे बुडबुडे गोळा झाले आहेत का, हे सर्व याच पायरीवर पाहून पुढच्या तपासणीच्या जागा खुणावून ठेवाव्यात.

पायरी ६: हवेच्या पोकळ्या मोजणे

गोठण-वितळणीचा प्रश्न नसेल तर ही पायरी वगळता येते. काँक्रीटमध्ये मुद्दाम सोडलेली हवा गोल आणि १ मिमीपेक्षा लहान पोकळ्यांच्या रूपात असते. नीट न ठोकल्यामुळे अडकलेली हवा मोठ्या आणि वाकड्यातिकड्या पोकळ्यांच्या रूपात. काँक्रीटचा बचाव हवेच्या एकूण टक्क्यापेक्षा पोकळ्या एकमेकींपासून किती जवळ आहेत यावर अवलंबून असतो, ही गोष्ट पॉवर्स यांनी १९४९ मध्ये अंतर-घटकाच्या (पेस्टमधून जवळच्या पोकळीपर्यंतच्या अंतराचे माप) रूपाने मांडली. चांगल्या संरक्षणासाठी हा घटक साधारण ०.२० मिमीपेक्षा जास्त नसावा असे मानतात. मोजणी एएसटीएम सी ४५७ नुसार, घासलेल्या पृष्ठावर ५० पट किंवा अधिक विवर्धनाखाली, समांतर रेषांवरून सरकत किंवा ठरावीक अंतरावरचे बिंदू मोजत केली जाते. २० मिमी खडीच्या काँक्रीटसाठी रेषांची एकूण लांबी दोन मीटरहून अधिक भरते. काम कंटाळवाणे आहे आणि थकलेला डोळा लहान पोकळ्या सोडतो, म्हणून ते एका बैठकीत उरकू नये. पोकळ्या जर एट्रिंगाइटने भरून गेल्या असतील, तर त्या मूळच्या पोकळ्या म्हणून मोजल्या की नाही हे स्पष्ट लिहावे.

पायरी ७: पातळ छेद

आता ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक येतो. खुणावलेल्या जागेचा लहान ठोकळा कापून त्याला निर्वातात पातळ इपॉक्सी राळ पाजतात. इपॉक्सीत प्रतिदीप्त रंग मिसळलेला असला की पोकळ्या, भेगा आणि सच्छिद्र पेस्ट निळ्या प्रकाशाखाली चमकतात. नंतर ठोकळा काचेच्या पट्टीवर चिकटवून सुमारे २० ते ३० मायक्रॉन जाडीपर्यंत घासतात. जाडी तपासण्यासाठी वाळूतील क्वार्ट्झ कण पाहावा. आडव्या ध्रुवकांखाली (एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवकांमधून) तो राखाडी-पांढरा दिसला तर जाडी योग्य आहे, पिवळा-नारिंगी दिसला तर छेद अजून जाड आहे.

ठोकळा घासण्याआधीच राळ पाजण्याचा एक मोठा फायदा आहे. जी भेग आधीपासून होती तिच्यात रंग शिरतो; जी भेग नंतर घासताना किंवा चिकटवताना पडली ती रंगाशिवाय राहते. रंग नसलेल्या भेगा सरळ बाद कराव्यात. अर्थात, कोअर काढताना किंवा वाळवताना पडलेल्या भेगांतही रंग शिरतो, त्यामुळे ही कसोटी एकाच बाजूने चालते.

छेद आधी साध्या ध्रुवित प्रकाशात, मग आडव्या ध्रुवकांखाली आणि शेवटी प्रतिदीप्तीत पाहावा. पेस्टचा मुख्य भाग, म्हणजे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, आडव्या ध्रुवकांखाली जवळजवळ काळा राहतो, आणि त्यावर कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे स्फटिक उजळ ठिपक्यांसारखे विखुरलेले दिसतात. ते भरपूर आणि मोठे असतील तर पाणी जास्त असल्याचा संशय घ्यावा. फार थोडे असतील तर फ्लाय ॲश, स्लॅग किंवा सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिबारीक धूळ) यांचा मागोवा घ्यावा. फ्लाय ॲशचे कण गोलाकार आणि बहुतांशी काचेसारखे असतात, स्लॅगचे कण फुटलेल्या काचेच्या टोकदार तुकड्यांसारखे. पाण्याशी प्रक्रिया न झालेल्या सिमेंटच्या कणांत कोनदार अलाइट आणि गोलसर, अनेकदा रेघारेघांचा बेलाइट ओळखता येतो. जुन्या काँक्रीटमध्ये बेलाइट जास्त उरलेला दिसतो, कारण अलाइटची पाण्याशी प्रक्रिया लवकर होते. कार्बोनेशन झालेली पेस्ट मात्र अगदी वेगळी दिसते: बारीक कॅल्साइटमुळे ती आडव्या ध्रुवकांखाली सोनेरी-तपकिरी चमकते, आणि तिची सीमा फिनॉल्फ्थॅलीनने काढलेल्या रेषेशी ताडून पाहता येते.

पाणी-सिमेंट गुणोत्तराचा अंदाज प्रतिदीप्तीवरून करतात. पाणी जितके जास्त, तितकी केशिका-सच्छिद्रता (पाण्याच्या जागी पेस्टमध्ये उरलेली सूक्ष्म छिद्रे) अधिक आणि पेस्ट तितकी उजळ. परंतु हा अंदाज माहीत असलेल्या गुणोत्तरांच्या प्रमाण छेदांशी शेजारी-शेजारी तुलना करूनच करावा, आणि ते छेद शक्यतो त्याच प्रकारच्या सिमेंटचे व सारख्याच जाडीचे असावेत. कार्बोनेशन झालेला भाग घट्ट होऊन गडद दिसतो, तर बारीक भेगांनी भरलेला भाग खोटाच उजळ दिसतो; दोन्ही टाळून मोजावे. ०.४७ असा नेमका आकडा देण्याचा मोह होतो, तो आवरावा. “०.४५ ते ०.५५ दरम्यान, आणि वरच्या ४ मिमीमध्ये त्याहून स्पष्टपणे जास्त” असे विधान अधिक प्रामाणिक आणि वापरणाऱ्याच्या अधिक कामाचे असते.

पायरी ८: बिघाडाचे कारण ओळखणे

अल्कली-सिलिका प्रक्रियेपासून सुरुवात करणे बरे, कारण तिच्या खुणा ठळक आहेत. स्टँटन यांनी १९४० मध्ये तिचे वर्णन केले. काही खडकांतील अस्थिर सिलिका, जसे ओपल, चाल्सेडोनी, चर्ट, ज्वालामुखीय काच किंवा ताण पडलेला क्वार्ट्झ, सिमेंटमधील अल्कलींशी प्रक्रिया करून जेल बनवते, आणि ते पाणी शोषून फुगते. भिंगाखाली खडीच्या कणातून निघून पेस्टमध्ये शिरणारी भेग, त्या भेगेत पारदर्शक किंवा दुधी जेल आणि जवळच्या पोकळ्यांत त्याच जेलचे अस्तर, असा सलग माग दिसला की निदान भक्कम होते. वाळलेले जेल सुकलेल्या तळ्यातील चिखलासारखे तुकड्यातुकड्यांत तडकलेले दिसते. आडव्या ध्रुवकांखाली ते सामान्यतः काळेच राहते. पोकळीत जेल आहे पण भेगा नाहीत, अशा नमुन्यात प्रक्रिया झाली आहे एवढेच म्हणता येते, तिने नुकसान केले असे म्हणता येत नाही. नुकसानीची तीव्रता अंकांत हवी असेल तर घासलेल्या पृष्ठावर १ सेंमीचे चौकोन आखून, १६ पट विवर्धनाखाली प्रत्येक चौकोनातील भेगा, जेल आणि सुटलेली खडी मोजून त्यांना भार देण्याची नुकसान-निर्देशांक पद्धत आहे. ती वापरताना दोन तपासनीसांच्या मोजणीत फरक पडतो, म्हणून तुलना करायचे सर्व नमुने एकाच व्यक्तीने मोजावेत.

एट्रिंगाइट हा नवख्यांचा सर्वांत मोठा सापळा आहे. सुईसारखे त्याचे पांढरे स्फटिक जुन्या, ओलाव्यातील जवळजवळ प्रत्येक काँक्रीटच्या पोकळ्यांत सापडतात. पाणी ये-जा करत असते, पेस्टमधील एट्रिंगाइट विरघळून मोकळ्या जागेत पुन्हा स्फटिकरूपात साचते, आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही. उशिरा तयार होणाऱ्या एट्रिंगाइटमुळे झालेल्या प्रसरणाची खूण वेगळी असते. पेस्ट सगळीकडून फुगल्यामुळे खडीच्या कणांभोवती फटी पडतात, आणि मोठ्या कणाभोवतीची फट लहान कणाभोवतीच्या फटीपेक्षा रुंद असते. त्याला इतिहासाचाही आधार लागतो: कोवळ्या काँक्रीटचे आतील तापमान सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या वर गेले होते का आणि नंतर त्याला भरपूर ओलावा मिळाला का. या दोन्हींची उत्तरे नकारार्थी असतील तर निदान पुन्हा तपासावे.

बाहेरून आलेल्या सल्फेटच्या आक्रमणात नुकसान पृष्ठभागाकडून आत सरकते. पृष्ठाला समांतर भेगा, त्यांत जिप्सम आणि एट्रिंगाइट, आणि आतल्या बाजूस शाबूत पेस्ट अशी थरांची रचना दिसते. थंड आणि ओल्या जागी कार्बोनेटचाही पुरवठा असेल तर थॉमसाइट हे सल्फेट-कार्बोनेटयुक्त खनिज बनू शकते आणि पेस्टचा अक्षरशः चिखल होतो. ते एट्रिंगाइटसारखेच सुईदार असले तरी आडव्या ध्रुवकांखाली बरेच उजळ दिसते. गोठण-वितळणीतही पृष्ठाला समांतर भेगा पडतात, पण तेथे नवे सल्फेट खनिज साचलेले असण्याची गरज नसते आणि हवेच्या पोकळ्या अपुऱ्या किंवा दूरदूर असतात. त्यामुळे हे दोन वेगळे काढताना पायरी ६ ची मोजणी उपयोगी पडते.

आगीत सापडलेल्या काँक्रीटमध्ये प्रश्न उष्णता किती खोल गेली हा असतो. लोहयुक्त खडी आणि वाळू सुमारे ३०० अंश सेल्सिअसला गुलाबी-लाल होऊ लागते. ४०० ते ५०० अंशांच्या टप्प्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे विघटन होते. ५७३ अंशांना क्वार्ट्झची स्फटिकरचना बदलून तो प्रसरण पावतो आणि कणांत भेगा पडतात. या खुणा कोणत्या खोलीवर संपतात हे मोजले की कोणता थर काढून टाकायचा हे सांगता येते. सर्व खडक रंग बदलत नाहीत, म्हणून गुलाबी छटा नाही म्हणजे उष्णता लागली नाही, असा अर्थ काढू नये. सळईच्या गंजाचे निदान तुलनेने सोपे असते: तपकिरी डाग, सळईपासून निघणाऱ्या भेगा, आणि कार्बोनेशनची सीमा सळईपर्यंत पोचली आहे की नाही. ती पोचली नसेल तर क्लोराइडची रासायनिक चाचणी सुचवावी, कारण क्लोराइड प्रकाशीय सूक्ष्मदर्शकात दिसत नाही.

एका काँक्रीटमध्ये दोन-तीन बिघाड एकत्र नांदतात, हेही ध्यानात ठेवावे. अल्कली-सिलिका प्रक्रियेने भेगा पाडल्या, त्यांतून पाणी शिरले, आणि मग गोठणीने वरचा थर सुटला, असा क्रम असू शकतो. कोणती भेग कोणत्या भेगेला छेदते, कोणता पदार्थ कोणत्या पदार्थावर साचला आहे, यांवरून हा क्रम लावावा लागतो. एक खूण मिळाली की शोध थांबवणारा तपासनीस बहुधा शेवटचा दोषी पकडतो आणि पहिला सुटतो.

पायरी ९: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, गरज असेल तरच

काही मायक्रॉनच्या पदार्थाची रासायनिक ओळख पटवायची असेल तर स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि त्याला जोडलेले क्ष-किरण विश्लेषण कामी येते. प्रत्यावर्तित इलेक्ट्रॉनांच्या प्रतिमेत पाण्याशी प्रक्रिया न झालेले सिमेंट सर्वांत उजळ, त्याखालोखाल कॅल्शियम हायड्रॉक्साइड, मग राखाडी हायड्रेट आणि पोकळ्या काळ्या दिसतात. पांढरा पदार्थ जेल आहे की एट्रिंगाइट हा वाद येथे काही मिनिटांत मिटतो: एकात सिलिकॉनसोबत अल्कली सापडतात, दुसऱ्यात कॅल्शियमसोबत ॲल्युमिनियम आणि गंधक. मात्र निर्वातात नमुना वाळतो आणि पेस्टमध्ये नव्या बारीक भेगा पडतात. त्या पाहून निष्कर्ष काढू नये. शिवाय एवढ्या विवर्धनाखाली दृष्टिक्षेत्र इतके लहान होते की तेथे दिसलेल्या गोष्टीची व्याप्ती सांगायला पुन्हा पायरी ५ कडेच यावे लागते.

पायरी १०: अहवाल

निरीक्षणे आणि त्यांचा अर्थ यांची प्रकरणे वेगळी ठेवावीत. “१२ ते ३० मिमी खोलीवर पाच खडीकणांत आतून निघणाऱ्या, जेलने भरलेल्या भेगा” हे निरीक्षण. “अल्कली-सिलिका प्रक्रियेने झालेले नुकसान” हा अर्थ. वाचणाऱ्याला अर्थ पटला नाही तरी निरीक्षण त्याच्या हाती राहिले पाहिजे. प्रत्येक छायाचित्रावर मोजपट्टी, नमुन्याचा क्रमांक, पृष्ठभागापासूनची खोली आणि प्रकाशाची पद्धत लिहावी. “शेकडो पट मोठे केलेले” एवढ्याने काही कळत नाही, कारण पडद्यावर चित्राचा आकार बदलतो. धडधाकट कोअरचे त्याच पद्धतीचे छायाचित्र शेजारी दिले की अर्धे स्पष्टीकरण लिहावेच लागत नाही.

निष्कर्षांची खात्री शब्दांतून कळावी: कोणते निश्चित, कोणते संभाव्य आणि कोणत्यासाठी आणखी चाचणी हवी. भार पेलण्याची क्षमता, उरलेले आयुष्य आणि दुरुस्तीचा आराखडा हे प्रश्न संरचना अभियंत्याचे आहेत. सूक्ष्मदर्शकातील पुराव्याच्या बळावर त्यांची उत्तरे देऊ नयेत. उरलेला अर्धा कोअर, घासलेले पृष्ठ आणि काचपट्ट्या क्रमांकासह गुंडाळून ठेवाव्यात आणि त्या किती काळ ठेवणार हे अहवालातच नमूद करावे, म्हणजे निष्कर्षाला कोणी आव्हान दिले तर दुसऱ्या तपासनीसाला तोच नमुना पाहता येतो.